वाचनालयातली गोष्ट घरच्या भाषेतही हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळी सुटी तोंडावर आली की शहरातल्या वाचनालयांत बालविभागाच्या शिबिरांची आखणी सुरू होते. चित्रकला, हस्ताक्षर, पाठांतर असे वर्ग ठरतात, पत्रके निघतात. सगळे मराठीत. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वसाहतींत कितीतरी मुले आईशी तेलुगूत बोलतात, कुठे कन्नडमध्ये, कुठे उर्दूत. ही घरे वाचनालयाची पायरी चढत नाहीत म्हटल्यावर ‘त्यांना वाचनाची आवडच नाही’ असे म्हणून विषय संपवला जातो. हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. त्यांच्या भाषेत, त्यांना जमेल अशा वेळी आपण त्यांना बोलावलेलेच नाही.

अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांपुढे स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, कुटुंबांच्या बाबतीत हाच प्रश्न होता. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात 1921 मध्ये पुरा बेलप्रे या पोर्तो रिको या स्पॅनिशभाषक बेटावरून आलेल्या तरुणीची नेमणूक झाली. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी तिथल्या कपाटांत नाहीत हे पाहून त्यांनी त्या स्पॅनिश आणि इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, त्यासाठी बाहुल्या बनवल्या, 6 जानेवारीचा ‘तीन राजांचा’ ख्रिस्ती सण ग्रंथालयात साजरा केला. आपल्या भाषेतली गोष्ट ग्रंथालयात ऐकायला मिळते म्हटल्यावर आयाही येऊ लागल्या. पुढे 1971 मध्ये लॅटिनो व स्पॅनिशभाषकांच्या ग्रंथालयसेवेसाठी ‘रिफॉर्मा’ ही ग्रंथपालांची संघटना उभी राहिली. 1996 मध्ये लेखिका पॅट मोरा यांनी मेक्सिकोतल्या 30 एप्रिलच्या बालदिनाला पुस्तकांची जोड देण्याची कल्पना मांडली. आज त्या दिवशी अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांत मुलांचा आणि पुस्तकांचा उत्सव होतो. पण मोरा यांचा आग्रह वर्षभराच्या कामाचा आहे, 30 एप्रिल हा त्या कामाच्या आनंदाचा दिवस. आपल्याकडे 14 नोव्हेंबरला हार, सत्कार, फोटो होतात आणि पुढच्या आठवड्यात बालविभागाला कुलूप असते. म्हणून उचलायचाच तर तिथल्या ग्रंथालयांत मुलांना गोष्ट सांगण्याचा जो आठवड्याचा तास असतो, तो उचलावा.

या तासाचे गणित सोपे आहे. वयोगट तीन ते आठ, मुले पंधरा ते वीस, वेळ पाऊण तास. वीसच्या वर मुले गेली की मागच्यांना चित्र दिसत नाही, आणि चित्र दिसले नाही की दंगा सुरू होतो. सुरुवातीला पाच मिनिटे गाणे, मग दहा-बारा मिनिटे गोष्ट, नंतर पंधरा मिनिटे त्याच गोष्टीवर चित्र किंवा नक्कल आणि उरलेला वेळ पुस्तके घरी द्यायला. या शेवटच्या भागाला कधीही कात्री लावू नये. पाहुण्यांचे मनोगत ठेवले की नेमका तोच वेळ जातो आणि मूल रिकाम्या हाती घरी परतते.

भाषेची सर्वांत मोठी चूक म्हणजे एक वाक्य तेलुगूत, लगेच तेच मराठीत. असे केले की मूल सोप्या भाषेची वाट पाहत बसते, दुसरी कानाआड करते, आणि गोष्टीची लयही तुटते. आधी पूर्ण गोष्ट घरच्या भाषेत सांगावी. मग तीच चित्रे उलटत मराठीत थोडक्यात. पुन:पुन्हा येणारे एखादे वाक्य मात्र सगळ्या भाषांत म्हणून घ्यावे. ‘मांजर दूध प्यायलं’ घ्या. तेलुगूत ‘पिल्लि पालु तागिंदि’, कन्नडमध्ये ‘बेक्कु हालु कुडियितु’, उर्दूत ‘बिल्ली दूध पी गई’. दूध एका घरी पालु, शेजारच्या घरी हालु! पाच वर्षांच्या मुलालाही हा ‘प’ आणि ‘ह’चा खेळ कळतो आणि मोठ्याने म्हणायला आवडतो.

तेलुगू पुस्तके कपाटात आणून ठेवली म्हणजे काम झाले, असेही नाही. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घरांतली तेलुगू तेलंगणाच्या वळणाची, मराठी शब्द मुरलेली आहे. पुस्तकी तेलुगू तिच्यापासून बरीच लांब पडते. शिवाय मराठी शाळेत शिकलेल्या अनेक आईवडिलांना ती बोलता येते, पण लिपी वाचता येत नाही. यावर उपाय म्हणजे मूळ मजकुराखाली देवनागरीत तेच वाक्य लिहिलेली पट्टी चिकटवायची. पट्टी दोन बोटे रुंद, अक्षर मोठे, चित्रावर कुठेही जाऊ द्यायची नाही. ज्यांना कोणतीच लिपी येत नाही त्यांच्यासाठी बिनशब्दांची चित्रपुस्तके ठेवावीत. चित्र पाहून आजी आपल्या बोलीत गोष्ट रचते, त्याला अक्षरओळख लागत नाही.

पुस्तके मिळवणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके या सगळ्या भाषांत आहेत. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत सापडू शकते, आणि ती उतरवून छापायला परवानगी आहे. अट एवढीच की लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावे असलेले पान काढून टाकायचे नाही. तिथे पुस्तकांचे चार स्तर आहेत, सुरुवातीला पहिल्या दोन स्तरांतलीच घ्यावीत. वर्गात दाखवायची प्रत ए-थ्री आकारात, घरी न्यायच्या प्रती ए-फोरच्या निम्म्या आकारात. स्पायरल करू नये, लहान हातांनी ओढले की भोकांपाशी पान फाटते. मधोमध जाड सुती दोऱ्याची शिवण घालावी. सूतगिरण्यांच्या आणि मागांच्या या गावात दोऱ्याला काही तोटा नाही. उर्दू पुस्तकाची बांधणी उजवीकडे असते. झेरॉक्सच्या दुकानात सवयीने डावीकडे पिन मारली जाते आणि गोष्ट शेवटापासून सुरू होते, तेव्हा तिथे उभे राहूनच ते काम करून घ्यावे.

आता वेळ. सुटीतला कार्यक्रम दुपारी ठेवूच नये. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत मूल दहा मिनिटे टिकत नाही. संध्याकाळी साडेपाचनंतर बरे. वार ठरवताना त्या वस्तीतल्या बायकांना विचारावे. विड्यांचा माल कारखान्यात देण्याची वेळ, यंत्रमागावरची पाळी, आणि सोलापूरकरांना सांगायला नकोच, नळाला पाणी येण्याचा दिवस! काही दिवसांआड येणारे पाणी त्या संध्याकाळी आले तर घरातली बाई घागरी, पिंप सोडून गोष्ट ऐकायला येणार नाही, आणि तिने यावे अशी अपेक्षाही चूक आहे. तास दुसऱ्या दिवशी घ्यावा आणि तसे फळ्यावर लिहावे. रमजानमध्ये उर्दू गोष्ट इफ्तारच्या आधी पुरेसा वेळ सोडून संपवावी. आई पानांचे आणि तंबाखूचे सूप घेऊन आली तर तिला परत पाठवू नये, मात्र सूप बाहेर ओसरीवर ठेवायची सोय करावी. तंबाखूची भुकटी लहान मुलांच्या नाकातोंडात जाता कामा नये.

सभासदत्वाचा अर्ज हाच अनेकांसाठी बंद दार ठरतो. अनामत, पत्त्याचा पुरावा, दोन जुन्या सभासदांच्या सह्या. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने या सह्या कुणाकडून आणायच्या? अमेरिकेत अनेक ग्रंथालये मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासाने दिलेले ओळखपत्रही चालवून घेतात. आपल्याकडे विडी कामगारांचे ओळखपत्र आहे, ते ग्राह्य धरावे. बालसभासदाची अनामत माफ करावी, एका वेळी एकच पुस्तक द्यावे. दंडाचीही धास्ती असते. पुस्तक फाटले की आई ते परत आणायलाच घाबरते, आणि पुस्तकासोबत मूलही कायमचे जाते. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 2019 मध्ये उशिराचा दंड रद्द केला, त्यानंतर लोक जुनी पुस्तके घेऊन परत आले. आपणच छापून शिवलेली पुस्तिका फाटली तर दोरा काढून पान बदलता येते, त्यासाठी मुलाला दंड कशाला?

गोष्ट सांगणारी माणसे वस्तीतलीच घ्यावीत, एका भाषेला दोन. एकच असली आणि ती आजारी पडली की तास बुडतो, आणि लागोपाठ दोनदा बुडाला की लोक येणे सोडतात. त्यांना प्रत्येक वेळी ठरलेले मानधन द्यावे, शाल-श्रीफळावर भागवू नये.

आणि एक सूचना पत्रकांबद्दल. चार लिप्यांत छापताना तेलुगू, कन्नड आणि उर्दू मजकूर छपाईआधी त्या-त्या भाषेच्या शिक्षकाकडून वाचून घ्यावा. संगणकावर जोडाक्षरे सुटी पडतात आणि मथळाच चुकतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पत्रक पोहोचणारच नाही. त्यांना विडी कारखान्याच्या दारात, माल द्यायला रांग लागते त्या वेळी, त्यांच्या भाषेत तोंडी सांगावे: कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, आणि पैसे लागत नाहीत.

— पूर्व भागातील काही ग्रंथालय कार्यकर्ते, सोलापूर