आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: शाळा उघडण्याआधी दम्याचा पंप दवाखान्यात येऊ द्या

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: दमेकरी मुलांसाठी प्रतिबंधक पंप व स्पेसर सरकारी दवाखान्यांत मोफत मिळण्याबाबत

मा. महोदय,
स. न. वि. वि.

नाशिकला सातपूरच्या कामगार वस्तीत माझं औषधांचं दुकान आहे. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि जुलै लागतो न लागतो तोच काउंटरवर आयाबाया सांगू लागतात, "साधी सर्दी होती हो, दोन दिवसांत छातीत उतरली. रात्रभर पोट उडत होतं." या साध्या सर्दीबद्दलच लिहितो आहे. मागणी आधीच सांगतो. नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यात दम्याचा प्रतिबंधक पंप (झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायचा) आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) मोफत मिळावा, आणि तो वर्षभर मिळावा.

सर्दी होण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ऱ्हायनोव्हायरस नावाचा विषाणू. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत, म्हणूनच त्यावर आजवर लस निघालेली नाही आणि माणसाला सर्दी पुन्हा पुन्हा होते. त्याला मारणारं खास औषधही नाही. धडधाकट मुलाला तो आठवडाभर शिंकायला लावतो आणि जातो. दमा असलेल्या मुलाचं तसं नाही. त्याच्या श्वासनलिकांना आतून आधीच सूज असते. हा विषाणू आला की सूज वाढते, चिकट कफ साचतो, नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात आणि नाकातली सर्दी दम्याचा झटका होऊन बसते.

हे काही माझं दुकानातलं निरीक्षण एवढंच नाही. १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या नऊ ते अकरा वर्षांच्या शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दमा बळावण्याच्या दर पाच प्रसंगांपैकी सुमारे चारांत श्वसनमार्गात विषाणू सापडला आणि त्यात बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरस होता. कॅनडात सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या की दोन-तीन आठवड्यांत दम्याची मुलं रुग्णालयात भरती होऊ लागतात, हे तिथल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं नोंदवलं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जन्मापासून मुलांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात, पहिल्या तीन वर्षांत ऱ्हायनोव्हायरसमुळे ज्यांच्या छातीत घरघर झाली, त्यांच्यात सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त निघाली. विषाणू दमा घडवतो की आधीच नाजूक असलेली फुफ्फुसं उघडी पाडतो, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण वारंवार घरघर होणाऱ्या मुलाकडे वेळीच लक्ष द्यायला तो वाद मिटायची गरज नाही.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक आई कडेवर मुलगा घेऊन आली. कुठल्याशा रुग्णालयात वाफ देऊन त्याला घरी सोडलं होतं. मुलगा शांत दिसत होता, पण गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. औषध देण्याआधी मी तिला पुन्हा डॉक्टरांकडे धाडलं. तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत मागच्या पावसाळ्यांच्याही चिठ्ठ्या घडी करून ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीवर वाफ, अँटिबायोटिक, खोकल्याचं सिरप. प्रतिबंधक पंपाचं नाव एकीवरही नव्हतं. दर पावसाळ्यात झटका विझवला गेला, मूळ सूज कुणी पाहिलीच नाही.

महोदय, अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. यातली अनेक औषधं चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून २०१४ पासून एच-१ यादीचा नियम लागू आहे. तो आम्हा औषधविक्रेत्यांकडून सक्तीने पाळून घ्या, मी स्वतः त्याच्या बाजूने उभा राहीन.

पंपाबद्दल लोकांच्या मनात भीती आहे. 'पंपाची सवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा इलाज' हे मी रोज ऐकतो. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू तात्पुरते सैल करतं. सूज उतरवतो तो ब्युडेसोनाइडसारखा प्रतिबंधक पंप. तो रोज घ्यावा लागतो, त्याने लगेच बरं वाटत नाही, म्हणून तो आधी बंद होतो. ही दोन्ही औषधं देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण तेरा टक्के भारतात आणि दम्याच्या मृत्यूंपैकी मात्र चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात, असा २०१९ चा जागतिक अंदाज आहे. यादीतलं औषध रुग्णाच्या हातात पोचत नसेल, तर असंच होणार.

स्पेसरचंही तेच. लहान मुलाला पंप दाबणं आणि श्वास ओढणं एकदम जमत नाही. औषध घशातच अडकतं. स्पेसरची नळी मध्ये असली की मूल चार-पाच साधे श्वास घेऊन ते आत नेतं. पण चिठ्ठीत स्पेसर असला, तरी किंमत ऐकून पालक तो सोडून देतात. केप टाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं, की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून पंप घट्ट बसवला, फट गोंदाने बुजवली, तर ती बाटलीही दम्याच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडते. इतकी स्वस्त गोष्ट आपल्या आशाताईंना आणि परिचारिकांना शिकवायला काय लागतं? आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. प्रशिक्षणासाठी लांब जायला नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत आणि अंगणवाड्यांत मुलं तपासायला जातातच. त्यांनी पालकांना एवढंच विचारावं: सर्दीनंतर छातीत घरघर होते का, रात्री खोकून जाग येते का. ज्यांचं उत्तर हो, त्यांची नावं दवाखान्याकडे जावीत, डॉक्टरांनी तपासावं आणि सर्दी झाली तर काय करायचं हे मराठीत लिहिलेला कागद घरी द्यावा. शाळेत साबण आणि नळाला पाणी हवं. सॅनिटायझर ज्यावर चालतं ते स्निग्ध आवरण या विषाणूला नसतं, त्यामुळे नुसत्या सॅनिटायझरवर विसंबून भागत नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या आरोग्य आराखड्यातही हे पंप असू द्या. गर्दीत सर्दी पसरायला वेळ लागत नाही आणि शाही स्नानं ऐन पावसाळ्यात आहेत.

सरकारी खरेदीला किती महिने जातात, हे आपण जाणताच. मागणीपत्रक आत्ता निघालं, तरच जूनच्या पहिल्या आठवड्यात पंप दवाखान्यात असतील.

आपला,
एक औषधविक्रेता
सातपूर, नाशिक