डिस्चार्ज कार्ड मराठीत हवे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

माझे यजमान एसटीत चालक होते. गेल्या श्रावणात पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. १०८ ची गाडी वेळेवर आली, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. आमची परवड झाली ती घरी आल्यावर.

डिस्चार्ज कार्ड सगळे इंग्रजीत. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा आणि 'एचएस' म्हणजे झोपताना, हे मला औषधाच्या दुकानदाराने सांगितले. आहाराच्या कागदावर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, आमटी आणि खर्डा. मीठ किती, लोणचे-पापड चालेल का, याचा कुठे पत्ताच नाही.

मग मोबाईलवरून सल्ले सुरू झाले. दिरांनी लसूण, आले, लिंबू आणि व्हिनेगरचा काढा पाठवला, म्हणे ब्लॉकेज विरघळतात. 'अटॅक आला तर जोरजोरात खोका' हा निरोप तर मला पाच जणांकडून आला. अशा वेळी खोकत न बसता लगेच १०८ ला फोन करायचा असतो!

तिसऱ्या महिन्यात दात घासताना यजमानांच्या हिरड्यांतून रक्त आले. घाबरून त्यांनी क्लोपिडोग्रेलची गोळी मनानेच बंद केली आणि काढा धरला. मला बोलले नाहीत. औषधांचा डबा आवरताना स्ट्रिप हाती आली, तर दहातल्या नऊ गोळ्या तशाच. माझे हातपाय गार पडले. तशीच दुकानात गेले. दुकानदाराने बॉलपेन उघडून आतली स्प्रिंग बोटावर धरली. "काकू, स्टेंट म्हणजे अशी जाळी. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ही गोळी. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवायची नाही." डॉक्टरांना फोन लावला, त्यांच्या सांगण्यावरून गोळी त्याच रात्री सुरू झाली. देवाच्या दयेने निभावले.

स्प्रिंग दाखवून समजावायला दोन मिनिटे लागली. घरी सोडताना एखाद्या परिचारिकेने रुग्णाला आणि घरच्या माणसाला शेजारी बसवून एवढे सांगावे. कागदपत्रांसाठी रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाने, म्हणजे आरोग्यमित्राने, आम्हाला खूप मदत केली. तसाच पुढच्या वर्षभर फोन करता येईल असा एक माणूस नेमावा. जिना चढू का, देवळाच्या पायऱ्या झेपतील का, असल्या शंका डॉक्टरांपुढे निघत नाहीत. यजमानांनी तर भीतीपोटी देवळात जाणेच सोडले होते. आणि आपण आपल्या आरोग्य पुरवणीत वाचकांच्या प्रश्नांना हृदयरोगतज्ज्ञांची उत्तरे छापावीत, खाली त्यांचे नाव आणि पदवी असावी.

आमच्या आळीत स्टेंट बसलेले आणखी चार जण आहेत. रविवारी ते कार्ड घेऊन आमच्या ओसरीवर येतात. गोळीची वेळ मी मराठीत लिहून देते. पण ती कशासाठी आणि कधीपर्यंत, हे लिहून द्यायला मी डॉक्टर नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, ता. कोरेगाव, जि. सातारा