लाकूडतोड थांबली, पण झाडं पडतायतच

संपादक साहेब,

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जानेवारी २०२४ पासून सरकारी नैसर्गिक जंगलातली लाकूडतोड बंद केली, छानच झालं, पण आता वणवा रोखायचा म्हणून जुनी झाडं 'धोकादायक' ठरवून पाडतात त्याचं काय? ग्रेटर ग्लायडर, लेडबीटर्स पॉसम हे ढोलीत राहणारे प्राणी, आणि निलगिरीच्या खोडात तशी मोठी ढोली व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात हो, नुसती रोपं लावून काय होणार! २०१९-२० च्या वणव्यांत आधीच केवढं जंगल गेलं. वणव्याला खाद्य मिळू नये म्हणून गावाजवळचा पालापाचोळा आधीच जाळा की, कोण नाही म्हणतंय? पण आत खोलवरची झाडं पाडण्याआधी ढोल्या तपासणं सक्तीचं करा, तेही रात्री, कारण दिवसा हे प्राणी दिसतच नाहीत.

– एक वाचक