रिकॉल गाडीचा असतो, पहिल्या मालकाचा नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुनी गाडी वापरणाऱ्या घरांसाठी हे पत्र लिहितेय, रिकॉलबद्दल, म्हणजे गाडीत दोष निघाला म्हणून कंपनी ती दुरुस्तीला परत बोलावते त्याबद्दल, जमल्यास छापा.

आमची गाडी अकरा वर्षांची. घेतली तेव्हाच चार वर्षं चाललेली होती, म्हणजे आम्ही तिचे दुसरे मालक. गेली दोन वर्षं टाकी फुल केली की मागच्या सीटवर बसणाऱ्या माझ्या मुलीला पेट्रोलचा वास यायचा, अर्धी टाकी संपली की वास गायब, त्यामुळे दाखवायला नेईपर्यंत काहीच नसायचं. सर्व्हिस सेंटरला तीनदा नेली, तिन्ही वेळा तेच उत्तर, मॅडम गाडी जुनी आहे थोडाफार वास येणारच, आणि जॉब कार्डावर, म्हणजे गाडीच्या तक्रारी लिहून आपली सही घेतात त्या कागदावर, ती तक्रार लिहिलीसुद्धा नाही. शेवटी नेहमीच्या मेकॅनिकने मागची सीट उचलली, खालचं गोल झाकण काढलं आणि टॉर्च मारून मला म्हणाला, ताई हे बघा. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणाऱ्या फ्युएल पंपाची प्लॅस्टिकची टोपी जी टाकीच्या तोंडावर बसते तिला केसाएवढी चीर गेलेली, आणि त्या चिरेभोवतीची धूळ भिजून काळा चिखल झालेला. टाकी भरलेली असली की पेट्रोल तिथपर्यंत चढायचं आणि वळणावर हिंदकळून बाहेर झिरपायचं. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते, शिवाय ती हवेपेक्षा जड, उडून जात नाही, खाली साचते. आणि त्याच्यावर रोज माझी मुलगी शाळेचं दप्तर घेऊन बसत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मेकॅनिकनेच सांगितलं की चासी नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल आहे का बघा. नंबर टाकला तर "अवैध", परत टाकला तर परत अवैध, दोन दिवस मी समजत होते की आपली गाडी त्यात नसेलच. मग कळलं की त्या १७ अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत, शून्याशी आणि एकाशी गल्लत होऊ नये म्हणून, आणि मी शून्याच्या जागी ओ टाकत होते. ही एक ओळ त्या पानावर लिहायला काय हरकत होती? शून्य टाकल्यावर लगेच रिकॉल दिसला, याच टोपीचा, तीन वर्षांपूर्वी जाहीर झालेला. पत्र गेलं होतं पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर. याच तीन वर्षांत आम्ही त्याच कंपनीच्या सेंटरला दरवर्षी सर्व्हिसिंग करत होतो, माझा फोन नंबर त्यांच्याकडे होता, सर्व्हिसिंगचे मेसेज वेळेवर यायचे, पण एकाही माणसाने गाडीचा चासी नंबर रिकॉलच्या यादीशी ताडून पाहिला नाही.

आता पुढचं. पार्ट स्टॉकमध्ये नाही, आला की फोन करू, याला आठ महिने झाले. तोवर गाडी चालवायची का, तर एक जण म्हणतो चालवा फक्त अर्ध्यापेक्षा जास्त टाकी भरू नका, दुसरा म्हणतो टाकी रिकामी ठेवू नका पंप जाईल. दुसऱ्याचंही खरंच आहे, कारण हा पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनेच गार राहतो. म्हणजे भरली तर गळते आणि कमी ठेवली तर पंप तापतो, आणि लेखी कोणीच काही देत नाही.

इंधनाच्या बाबतीत अशा चुका मोठमोठ्या कंपन्यांकडून होतात, हे काही गुपित नाही. डेन्सो या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीच्या फ्युएल पंपांमधली प्लॅस्टिकची पंख्यासारखी चकती पेट्रोल शोषून फुगते, आतल्या बाजूला घासते आणि इंजिन चालता चालता बंद पडू शकतं, म्हणून २०२० पासून वेगवेगळ्या कंपन्यांनी जगभरातून लाखो गाड्या परत बोलावल्या. फोर्डची पिंटो ही अमेरिकेतली छोटी गाडी तर यासाठी कुप्रसिद्धच आहे, मागून धडक बसली की टाकी फुटायची, १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्यांचा रिकॉल झाला आणि त्यात १९७१ ची मॉडेलंही होती. चूक मान्य करण्याबद्दल माझी तक्रारच नाही. पण मान्य केल्यावर ती गाडी आज ज्याच्याकडे आहे त्याला शोधून सांगायला नको का? पार्ट तयार नसेल तर तोवर काय करायचं ते लेखी द्यायला नको का, किंवा दुसरी गाडी? आणि ज्यांनी वैतागून स्वतःच्या खर्चाने पार्ट बदलला त्यांचे पैसे परत मिळायला हवेत, फोनवर विचारलं तर मला सांगितलं की बाहेर बदलला तर रिकॉलमधून नाव जाईल. हे मला अजिबात पटत नाही.

आम्ही सध्या टाकी पाव ते अर्ध्याच्या मध्ये ठेवतो आणि मागच्या सीटवर कोणालाही बसवत नाही, चौघांना जायचं असेल तर बसने जातो. ज्यांच्याकडे दुसऱ्या हाताची गाडी आहे त्यांनी आजच चासी नंबर तपासा, टाकी फुल केल्यावर वास येत असेल तर मागची सीट उचलून बघायला सांगा, आणि सेंटरला नेली तर "पेट्रोलचा वास" हे शब्द जॉब कार्डावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

आपली,
एक वाचक