फळ्यावरून उतरवून कोडिंग येत नाही

संपादक महोदय,

कोडिंग सहावीपासून शिकवावे की आठवीपासून, यावर वाद पुष्कळ झडतात. 40 मिनिटांच्या तासात नेमके करायचे काय, यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. अनेकदा शिक्षक फळ्यावर दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहितात, मुले तो टाइप करतात, चालला की तास संपला. यातून टायपिंग येते, प्रोग्रामिंग येत नाही. आमचे म्हणणे एवढेच की या वयात कोड लिहिण्याआधी वाचायला शिकवावे आणि तासाची आखणी त्याप्रमाणे बदलावी.

पहिली सात-आठ मिनिटे संगणक बंद. फळ्यावर पाच-सहा ओळींचा प्रोग्राम, आणि तो चालवल्यावर पडद्यावर काय दिसेल हे प्रत्येकाने वहीत लिहायचे. मग चालवायचा. अंदाज चुकला असेल तिथे का चुकला ते शोधायचे, एखादा आकडा किंवा अट बदलून पुन्हा पाहायचे, आणि शेवटी वेळ उरला तर स्वतःचे काही. शिक्षक मंडळी या क्रमाला ‘प्रिम’ म्हणतात.

चार ओळी घ्या: अ = 5, ब = 8, अ = ब, ब = अ. शेवटी अ किती, ब किती? बरीच मुले ‘अ 8, ब 5’ असे सांगतात. बीजगणितातले बरोबरचे चिन्ह डोक्यात पक्के बसलेले असते, शिवाय दोन्ही ओळी एकदमच घडतात असे त्यांना वाटते. प्रोग्राममध्ये मात्र हे चिन्ह उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेवते, आणि ओळी एकामागून एक घडतात. म्हणून खरे उत्तर दोन्ही 8. तिसऱ्या ओळीलाच 5 नाहीसा झाला. हे तोंडी समजावून पटत नाही. वहीत ओळ, अ आणि ब असे तीन रकाने आखून प्रत्येक ओळीनंतर किंमत भरायला लावावी. जुनी किंमत खोडरबराने पुसायची नाही, तिच्यावर काट मारायची, म्हणजे ती कोणत्या ओळीला गेली ते दिसते. मग ‘5 आधी कुठेतरी ठेवायला हवा होता’ हे कोणीतरी बोलतेच. तिसऱ्या चलाची गरज अशी मुलांकडूनच यावी.

1967 साली तयार झालेल्या लोगो या प्रोग्रामिंग भाषेतून पायथन या भाषेत आलेले कासव, म्हणजे सांगू तसे पडद्यावर चालत रेघ काढणारी खूण, याच कामाचे. समभुज त्रिकोण काढायला सांगा: मुले 100 पुढे, 60 अंश उजवीकडे, असे तीनदा लिहितात आणि आकृती उघडीच राहते. इथे ‘60 नाही, 120’ असे सांगून टाकले की धडा वाया गेला. त्याऐवजी तीनच्या जागी सहा लिहा म्हणावे. षटकोन पुरा होतो आणि वर्ग चक्रावतो. आता जमिनीवर खडूने त्रिकोण आखून एकाला त्याच्या कडेने चालवावे. कोपऱ्यावर अंग वळते ते आतल्या कोनाइतके नव्हे, बाहेरच्या कोनाइतके, आणि पूर्ण फेरीत एकूण 360 अंश. 360 भागिले बाजूंची संख्या हे मग मुले आपणच लिहितात. (भूमितीच्या शिक्षकांनी हा तास जरूर मागून घ्यावा.) एक खोच मात्र आहे: मुले ही फाइल ‘टर्टल’ (कासव) याच नावाने सेव्ह करतात, आणि कासवाच्या आज्ञांचा पायथनमधला तयार संच, म्हणजे मॉड्यूल, याच नावाचा असतो. मग तो संच मागवताना (इम्पोर्ट) पायथन मूळ मॉड्यूलऐवजी तीच फाइल उचलतो आणि ‘फॉरवर्ड’ (पुढे जा) ही आज्ञा सापडत नाही अशी तक्रार करतो. फाइलचे नाव बदलले की काम झाले.

लाल अक्षरांतल्या एररला मुले घाबरतात, पण खरा त्रास न बोलणाऱ्या चुकांचा. आकडा ओळखण्याच्या खेळात ‘इनपुट’ या आज्ञेने घेतलेले उत्तर पायथन मजकूर म्हणून ठेवतो. गुप्त आकडा 7 असेल आणि मुलाने 7 च टाइप केला, तरी दोन्ही समान ठरत नाहीत, आणि एररही येत नाही. उत्तर ‘इंट’ने पूर्णांकात बदलून घ्यावे लागते. ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या स्क्रॅच या भाषेतही असेच. ‘स्पर्श झाला तर’ ही अट ‘सतत’ च्या ठोकळ्यात घातली नाही तर ती हिरव्या झेंड्याबरोबर, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना, एकदाच तपासली जाते. मांजर नंतर चेंडूला कितीही वेळा धडकले तरी गुण वाढत नाही. गुण सुरुवातीला शून्य केले नाहीत तर मागच्या खेळातलेच पुढे चालू राहतात.

एरर आलीच तर आधी शेवटची ओळ वाचायची, मग ओळीचा क्रमांक पाहायचा, आणि दोष तिथे नसेल तर एक ओळ वर जायचे. कंस बंद करायचा राहिला की जुन्या पायथनमध्ये पुढच्या ओळीवर बोट ठेवले जाते, 3.10 या आवृत्तीपासून न मिटलेला कंसच दाखवला जातो.

मराठी मुलांच्या बाबतीत आणखी एक. पायथन 3 मध्ये चलाचे नाव ‘वय’ ठेवता येते, पण कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिला की सिंटॅक्स एरर (लिखाणाच्या नियमांची चूक). गंमत म्हणजे इनपुटला देवनागरीत १२ दिले तर इंट ते मुकाट्याने स्वीकारतो. तरीही दर शब्दाला कीबोर्ड बदलण्यात वेळ फार जातो. नावे रोमन लिपीत मराठीच ठेवलेली बरी.

एका संगणकावर दोन मुले, सहा-सात मिनिटांनी जागा बदल. तिसरा नुसता बघत बसतो. यंत्रे कमी असतील तर अर्धा वर्ग कागदावर रकाने भरेल, अर्धा यंत्रावर, आणि वीस मिनिटांनी अदलाबदल. शिक्षकाने मुलाच्या हातातला माउस घेऊ नये. हे सर्वांत अवघड आहे.

राहिली परीक्षा. रॅमचे पूर्ण रूप विचारणाऱ्या प्रश्नपत्रिकेने वरचे सगळे फुकट जाते, कारण जे विचारले जाते तेच शिकवले जाते. त्याऐवजी सात ओळी उलटसुलट द्याव्यात, त्यांत एक चुकीची मिसळावी आणि बरोबर क्रम लावायला सांगावे. 2006 पासून पार्सन्स कोडे म्हणून हा प्रकार ओळखला जातो. त्यासाठी संगणक लागत नाही, आणि ओळी ठरावीक असल्याने तपासायलाही वेळ लागत नाही.

— माध्यमिक वर्गांना संगणक शिकवणारे काही शिक्षक