परदेशी कर्ज चालते, मग परदेशी साथ का नको?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहारात इंदूरच्याच एका वाचकाचे पत्र होते. नाल्याकाठच्या झोपड्या हटवल्या ते बरे झाले, आणि अशा कारवाईवर परदेशातल्या संघटना निषेधाची पत्रके काढतात त्यांना आमच्या शहराशी काय देणेघेणे, असा त्यांचा सूर होता. पत्र दोनदा वाचले. लिहिणाऱ्यांवर राग नाही. २०१७ साली इंदूर स्वच्छतेत पहिल्यांदा देशात पहिले आले, तेव्हा मीही गल्लीत पेढे वाटले होते. पण उत्तर दिल्यावाचून राहवत नाही, कारण ज्या बाई एकोणीस वर्षे माझ्याकडे पोळ्या करायला येतात, त्यांचे घर अशाच एका नाल्याकाठी होते.

आदल्या संध्याकाळी भोंगा फिरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जेसीबी उभा. बाईंनी गॅसची टाकी काढली, मुलीची दहावीची पुस्तके काढली आणि पिठाच्या डब्यामागची एक प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत सासूबाईंच्या नावाचा पट्टा, म्हणजे त्या जागेवर राहण्याच्या हक्काचा सरकारी कागद, होता. तरुण वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. मध्य प्रदेश सरकारने १९८४ मध्ये कायदा करून, त्या वर्षीच्या १० एप्रिलला जे भूमिहीन लोक शहरातल्या सरकारी जमिनीवर राहत होते, त्यांना तिथला पट्टा देण्याची सोय केली. चाळीस वर्षे जपलेला तो कागद बाईंनी हातात धरला होता. तो उलगडून पाहायला त्या सकाळी कोणालाही सवड नव्हती.

आता बाई बायपासपलीकडच्या एका मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहतात. पाच घरची कामे होती, त्यांतली चार सुटली. सकाळी सातला दारात हजर होणे त्यांना जमत नाही. दोन बस बदलून माझ्याकडे पोचेपर्यंत दहा वाजतात. डोक्यावर छप्पर दिले ना, मग तक्रार कसली, असे म्हणणारे माझ्या नात्यातही आहेत. त्यांना मी मुंबईची आठवण देते. १९८१ च्या भर पावसाळ्यात तिथल्या फुटपाथवरच्या झोपड्या पाडायला घेतल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात न्यायालयाने मान्य केले, की माणसाचे पोट भरण्याचे साधन काढून घेतले तर त्याचा जगण्याचा हक्कच काढून घेतल्यासारखे होते. त्या झोपड्यांना मात्र अभय मिळाले नाही. पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, पाडू नका, एवढाच दिलासा मिळाला. बाईंची चार कामे सुटली तेव्हा मला तो निकाल आठवला.

आता मुद्दा बाहेरच्यांचा. आपल्या नळाला नर्मदेचे पाणी येते, त्याच नर्मदेवर खाली सरदार सरोवर बांधायला जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. तेव्हा बँक बाहेरची आहे, असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. धार, बडवानीची गावे बुडणार हे कळल्यावर खोऱ्यातली माणसे उभी राहिली, आणि त्यांच्या बाजूने जपान, अमेरिका, युरोपातले सामान्य नागरिक आपापल्या सरकारांना जाब विचारू लागले. या धरणाला पैसा पुरवणाऱ्या जपानने १९९० मध्ये हात आखडता घेतला. बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनातल्या उणिवा उघड मांडल्या आणि १९९३ मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली.

धरण झालेच, गावे बुडालीच. मग मिळवले काय, असे कोणी विचारेल. त्याच १९९३ साली बँकेला इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन करावे लागले. बँकेच्या पैशाने ज्यांचे नुकसान होते, ते थेट तिथे तक्रार करू शकतात. सोळा वर्षांनी कंबोडियात नॉम पेन्ह शहरातल्या बोएंग काक तळ्याकाठच्या लोकांनी तोच दरवाजा ठोठावला. त्यांचे तळे वाळू टाकून बुजवले जात होते, घरे जात होती, आणि बँकेच्या मदतीने चाललेल्या जमीन नोंदणीतून त्यांना वगळले होते. चौकशी झाली, बँकेने कंबोडियाची नवी कर्जे थांबवली, आणि २०११ मध्ये सरकारने तिथे उरलेल्या कुटुंबांसाठी १२.४४ हेक्टर जमीन तळ्याकाठीच राखून ठेवली. हजारो कुटुंबे त्याआधीच उठली होती, त्यांना तिचा उपयोग झाला नाही. पण जी टिकली, त्यांच्या घरांत आपल्या निमाडच्या, म्हणजे बडवानीकडच्या, लोकांच्या लढ्याचाही वाटा आहे. बडवानीच्या बाईने नॉम पेन्हच्या बाईला कधी पाहिले नसेल. आंतरराष्ट्रीय एकजूट हा शब्द मला कानाला जड वाटतो, पण त्याचा अर्थ मला इथे कळतो.

आणि या जगाने एकेकाळी इंदूरचे कौतुकही केले आहे, तेही गरिबांच्या वस्त्या नीट वसवल्याबद्दल! वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी आखलेल्या आपल्या अरण्य वसाहतीला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. जोते, संडास-मोरी आणि पाण्याची जोडणी द्यायची, बाकीचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे, अशी ती कल्पना. १९९८ मध्ये तोच पुरस्कार इंदूरच्या स्लम नेटवर्किंगला मिळाला. अभियंता हिमांशु पारीख यांचे म्हणणे साधे होते. गरिबांच्या वस्त्या शहराच्या सखल भागात, नाल्यांच्या कडेला असतात, आणि सांडपाणीही उताराने तिकडेच जाते. म्हणून गटाराच्या वाहिन्या वस्त्यांमधूनच न्या, म्हणजे वस्तीही सुधारते आणि शहराचेही काम स्वस्तात होते. ज्या नाल्याचे कारण देऊन आज घरे उठवतात, त्याच नाल्याच्या आधाराने आपण वस्ती जागेवर ठेवायची रीत जगाला दाखवली होती. पुढे त्या कामाच्या देखभालीवर टीका झाली, तीही मी ऐकून आहे. पण वाहिनी तुंबली तर ती साफ करायची असते, माणसे कशाला उठवायची?

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी बुलडोझरच्या कारवाईवर निकाल दिला. पंधरा दिवसांची नोटीस हवी, म्हणणे ऐकून घ्यायला हवे, पाडकामाचे चित्रीकरण हवे. मला फार बरे वाटले. मग पुढचे वाचले. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची किंवा नदीकाठची अनधिकृत बांधकामे यातून वगळली आहेत. गरिबाची झोपडी आणखी कुठे असते? सक्तीने घरे उठवण्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९७ मध्ये जी तत्त्वे सांगितली, त्यांत अशी पळवाट नाही. लोकांशी बोला, वेळेवर नोटीस द्या, रात्री किंवा वाईट हवामानात घर पाडू नका, कोणालाही बेघर करू नका. ती आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारावर आधारली आहेत, तो भारताने १९७९ मध्येच स्वीकारला आहे. परदेशी पत्रके आपल्याला त्याच शब्दाची आठवण करून देतात. त्यात अपमान वाटण्यासारखे काय आहे?

आपण इंदूरची मराठी माणसेही होळकरांच्या मागोमाग बाहेरूनच आलो. रामबागेत, नारायण बागेत आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी तरी जागा दिली म्हणून आज आपण इथले म्हणवतो.

मुंबईची जनता कॉलनी १९७६ मध्ये उठवली गेली. तिथून पुढे आलेल्या जोकिन अर्पुथम यांनी झोपडपट्टीवासीयांना एक गोष्ट शिकवली: सरकार मोजणार नाही, तुम्हीच आपली वस्ती मोजा. ती रीत दक्षिण आफ्रिका, केनियापर्यंत गेली. आमच्या गल्लीतल्या आम्ही चौघी निवृत्त शिक्षिका आता दर रविवारी आमच्या मागच्या बस्तीत जातो. ती अजून उभी आहे. दोनशे पानी वहीत आम्ही प्रत्येक घराचे लिहितो: कधी आले, पट्टा आहे का, मुले कोणत्या शाळेत, काम कुठे आणि चालत किती अंतरावर. बाई सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून आमच्याबरोबर येतात आणि दारोदार सांगतात, कागद पिठाच्या डब्यामागे ठेवू नका, त्याच्या तीन झेरॉक्स काढा आणि एक या ताईंच्या वहीत लावा. ज्या मराठी वाचकांना यायचे असेल, त्यांनी या रविवारी सकाळी आठला यावे. अक्षर चांगले असणाऱ्यांची आम्हाला फार गरज आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर