रिमोट नसलेली खोली

केळापूर तालुका,
माघातला शनिवार

प्रिय दिन्या,

तूर घरात आली आणि हरभरा सोंगायला अजून अवकाश होता. मधले चार दिवस मोकळे सापडले, ते आम्ही हैदराबादेत घालवून आलो. दवाखाना नाही, लग्न नाही, कोर्टाची तारीख नाही. नुसतं फिरायला, तेही हॉटेलात राहून. गावात अजून कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर पारावर ऐकावं लागलं असतं, ‘कापसाले भाव नाई अन् याले चोचले सुचून रायले!’ तुला सांगतो, कारण हे खूळ तूच माझ्या डोक्यात भरवलंस. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे, ते शेवटी.

हिचा चुलतभाऊ कुकटपल्लीला असतो, तुला ठाऊक आहे. रीतीप्रमाणे त्याच्याकडे उतरायला हवं होतं. माणूस सोन्यासारखा आहे, तक्रार काहीच नाही. पण मागं आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो होतो, तेव्हा ही पाच दिवस त्याच्या ओट्यापाशी उभी राहून ज्वारीच्या भाकरी थापत होती. चारमिनार तिनं तेव्हा ऑटोतून पाहिला, तोही मान वळवेपर्यंत मागं गेला. यंदा निघायच्या आदल्या रात्री तिनं एकच विचारलं, “तिथं स्वयपाक कोनाले करा लागन?” म्हटलं, कोणालाच नाही. तिचा विश्वास बसला नाही.

पांढरकवड्याहून रात्रीची एसटी धरली. बायकांचं अर्धं तिकीट आपल्या हद्दीपुरतंच. पैनगंगा ओलांडली की पुढं पूर्ण भाडं. तिकडे तेलंगणात बायकांना साध्या सरकारी बसमध्ये प्रवास फुकट आहे, पण आधार कार्ड तिथलं लागतं. शहर बसमध्ये कंडक्टरनं हिचं कार्ड पाहिलं, “महाराष्ट्रा” म्हणून हसला आणि पैसे घेतले. एका राज्यात अर्धी, दुसऱ्यात पूर्ण, असं हिचं झालं.

पहाटे पाचला हैदराबादच्या इमलीबन बस स्टँडवर उतरलो. मोबाइलवर एक खोली बघून ठेवली होती, फोटोत अगदी राजवाडा. तिथं गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, खोली दुपारी बाराला मिळेल, आत्ता हवी तर अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं. भिंतीला ओल होती ती वेगळीच. पैसे आधी भरले नव्हते, हे एक शहाणपण. पिशव्या उचलल्या आणि नामपल्ली स्टेशनच्या बाजूला दोन गल्ल्या पायी फिरलो. तिसऱ्या ठिकाणी जमलं.

ते कसं जमलं ते नीट वाच, तुझ्याही कामाचं आहे. तिथं हिशोब चोवीस तासांचा होता. पहाटे साडेपाचला शिरलो म्हणजे दुसऱ्या दिवशी साडेपाचपर्यंत खोली आपली. रात्रीच्या गाडीनं येणाऱ्याला यातच निम्मा दिवस वाचतो. भाव सांगितला सोळाशे. नामपल्लीच्या मैदानात नुमाइश चालू आहे, १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी, म्हणून गर्दी आहे, म्हणाला. (ही नुमाइश १९३८ पासूनची, आपल्याकडच्या जत्रेचीच थोरली बहीण. एका संध्याकाळी डोकावलो, पाय दुखले, परत आलो.) मी विचारलं, बिनएसीची नाही का? तर म्हणे आहे, बाराशे. वर गेलो तर भिंतीवर एसी! पोरगा म्हणाला, खोली तीच आहे, फक्त रिमोट देत नाही. दिन्या, पौष-माघाच्या थंडीत एसी लावतो कोण? बाराशे, वर पाच टक्के जीएसटी, म्हणजे रात्रीचे बाराशे साठ. दोन रात्रींचे दोन हजार पाचशे वीस. साल्याकडे उतरलो असतो तर वहिनीला लुगडं, पोरांना खाऊ, कुकटपल्लीहून रोजची ये-जा, यात हिशोब कुठंच्या कुठं गेला असता.

खोलीला खिडकी होती, ती समोरच्या भिंतीवर उघडायची. गरम पाणी सहा ते नऊ. चादर मात्र स्वच्छ, कडक इस्त्रीची. पहिल्या सकाळी मी आंघोळ करून आलो तर हिनं अंथरूण घडी करून ठेवलेलं, ओल्या टॉवेलनं फरशी पुसलेली आणि बादली पालथी घातलेली. साफसफाईचा पोरगा दारात येऊन बावचळला. त्याला वाटलं, आम्ही खोली सोडली. दुसऱ्या सकाळी मात्र ही सात वाजेपर्यंत झोपली. मी तिला इतक्या वर्षांत उजाडल्यावर झोपलेली पाहिली नव्हती, बाळंतपणं सोडली तर. खालून चहा मागवला. पोरगा विचारतो, टिफिन लावू का? मला वाटलं डबा. तिकडे नाश्त्यालाच टिफिन म्हणतात. इडल्या आल्या. तिनं त्या पलंगावर बसून खाल्ल्या, आणि खाताना दोनदा दाराकडे पाहिलं.

शुक्रवारी सालारजंग संग्रहालय बंद असतं, म्हणून गुरुवारीच जाऊन आलो. तासाच्या ठोक्याला घड्याळातून एक इवला दाढीवाला बाहेर येतो आणि घंटा वाजवतो, त्याच्यापुढं माणसं यात्रेसारखी जमतात. पण माझा जीव अडकला बुरख्यातल्या रिबेकात. इटलीच्या बेन्झोनी नावाच्या शिल्पकारानं घडवलेली, सगळी संगमरवराची, आणि दगडाच्याच पदराआडून चेहरा दिसतो. ही बराच वेळ बघून म्हणाली, “हे तं सासऱ्यासमोर पदर घेतलेली सून होये.”

आता यातली आपली गोष्ट ऐक. १८५३ मध्ये निजामानं फौजेच्या थकबाकीपायी आपलं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिलं. त्याच वर्षी पहिला सालारजंग दिवाण झाला. वऱ्हाड परत मिळावं म्हणून तो माणूस पुढं आयुष्यभर खटपट करत राहिला. १८७६ मध्ये युरोपात गेला, इंग्लंडलाही जाऊन आला. वऱ्हाड काही मिळालं नाही. त्याच फेरीत रोममध्ये त्यानं ही मूर्ती घेतली. मी तिच्यासमोर उभा, पायात पांढरकवड्याच्या बाजारातली चप्पल, आणि मनात हेच घोळतंय की आपली काळी जमीन आणायला गेलेला माणूस हिला घेऊन आला! पुढं १९०२ मध्ये कर्झननं वर्षाला पंचवीस लाखांवर वऱ्हाड कायमचं भाडेपट्ट्यानं घेतलं. १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला, म्हणजे आपल्या तालुक्यालाही एक युवराज होता, बिनशेताचा. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात ते उगीच नाही. हिला हे सांगितलं तर म्हणाली, “पंचवीस लाख? अन् आपल्या बापजाद्यायले किती भेटले?” याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

गोवळकोंड्याला फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की वर किल्ल्याच्या माथ्यावर, बालाहिसारला ऐकू येते. मी खाली थांबलो, ही वर चढली. गुडघे माझे दुखतात, तिचे नाही. तिला टाळी ऐकू आली, म्हणे. मग वरून तिनं काय ओरडून सांगितलं, ते मात्र मला ऐकू आलं नाही.

खरी फजिती चारमिनारला झाली. १५९१ ची ती इमारत, चहूकडे फेरीवाल्यांचा गलका, आणि ही लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांचा भाव करत होती. तेवढ्यात चुलतभावाचा फोन. “भाऊजी, कुठी हा?” माझ्या तोंडून निघून गेलं, “पांढरकवड्याच्या बाजारात.” मागं दुकानदार खणखणीत उर्दूत ओरडतोय, “आओ बाजी, सौ के चार!” तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, “लय गर्दी दिसते बा.” एवढंच. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आहे. त्याला बरं वाटलं असतं आम्ही आलो असतो तर, हेही खरं.

आता तुझं काम. वैशाखात पुतणीच्या लग्नाला तो सहकुटुंब येणार आहे. हिच्या हातात त्या बांगड्या असतील, ती काढून ठेवायला तयार नाही. तेव्हा तू कंपनीच्या कामानं हैदराबादेला गेला होतास आणि भाऊबीजेची राहिलेली ओवाळणी म्हणून बांगड्या आणल्यास, असं ठरलंय. रंग लाल-हिरवा, मधे आरसे. माप कुणी विचारलं तर अडीच सांग.

तुझा,
प्रभाकर